तिसरी नळी सापडली नव्हती

भास्कर, काल सकाळी तुझ्या दवाखान्याचं कुलूप काढलं आणि आत पाऊल टाकण्याआधी मी खाकरलो. रोग्याच्या तोंडात सुई असताना कुणी एकदम आत आलेलं तुला चालत नसे, म्हणून ही सवय तूच मला लावली होतीस. खाकरून मी उभा राहिलो. 'या अण्णा, या' असं आतून कुणी म्हणालं नाही. तरी मी आपला उभाच. चोपन्न वर्षांचा झालो, उभं आयुष्य लोकांच्या दाढा उपटण्यात गेलं, आणि एका रिकाम्या खोलीत शिरायला माझा पाय उचलत नव्हता.

तू गेलास हे मला कळलंय. कळायचं काही बाकी नाही. खांदा दिलाय मी तुला. पण पटत नाही त्याला काय करू? चौतीस वर्षांचा धडधाकट माणूस, ज्याला साधा खोकला झालेला मी कधी पाहिला नाही, तो दाढ दुखून मरतो? भेटेल तो मला हेच विचारतोय. कापड बाजारात विचारतात, माळीवाड्याच्या स्टँडवर विचारतात, परवा न्हाव्यानं वस्तरा हातात धरून विचारलं, "अण्णा, दातानं कुठं मानूस मरतं व्हय?" मी सांगतो, मरतो. मुळातला पू हनुवटीखाली उतरला, गळा सुजला, जीभ वर ढकलली गेली आणि श्वासाला वाट राहिली नाही. हे सगळं मी शाळामास्तरासारखं समजावून सांगतो, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल बोलतोय. लोक हळहळतात. "आन् त्ये तर दाताचंच डाक्टर!" म्हणतात. मग माझ्याकडे बघतात, कारण तुझ्या दाढेला हात कुणी लावला होता ते निम्म्या नगराला ठाऊक आहे.

जे कुणालाच ठाऊक नाही ते तुला सांगायला बसलोय. तीन आठवडे आज सांगतो, उद्या सांगतो करत राहिलो आणि तू निघूनच गेलास. आता ऐक. मधे बोलायची तुझी खोड आहे, पण आज मधे बोलू नकोस.

तुझ्या त्या दाढेत तीन नळ्या होत्या. मला दोनच सापडल्या. आणि मी तुला सांगितलं की तिन्ही साफ झाल्या.

झालं, लिहून टाकलं. वाटलं होतं, एकदा लिहिलं की छातीवरचा धोंडा उतरेल. काही उतरला नाही.

आठ वर्षांपूर्वी तू मुंबईची पदवी घेऊन आलास आणि बरोबर माझ्या समोर, रस्त्याच्या पलीकडे पाटी लावलीस. माझा नुसता जळफळाट झाला. मी काही पदवीचा डॉक्टर नव्हे. एका जुन्या दंतवैद्याच्या हाताखाली सात वर्षं काढली, पुढं सरकारनं माझ्यासारख्यांची नोंद करून घेतली आणि पाटीवर 'डॉक्टर' लिहायची सोय झाली. पण हात माझा हलका. तिसगाव, पाथर्डी, राहुरी, कुठून कुठून माणसं यायची आणि पाच मिनिटांत दाढ पुडीत बांधून घेऊन जायची. तू आल्यावर मी बायकोला म्हणालो, बघ, हे पोरगं सहा महिन्यांत गाशा गुंडाळतंय.

तिसऱ्याच दिवशी तू माझ्या दारात. वाटलं, भांडायला आलास. तर तू म्हणालास, "अण्णा, तुम्ही काढलेले दात टाकत जाऊ नका. मला द्या."

"कशाला? माळ करून घालणार आहेस?"

"आत काय असतं ते बघायचंय."

मी हसलो, पण दात दिले. रविवार आला की तू ते घेऊन बसायचास, बारीक करवतीनं उभे चिरायचास आणि मला हाक मारायचास. मुळाच्या आत नळी असते, तिच्यात दाताचा जीव असतो, एवढं मलाही माहीत होतं. पण ती नळी अशी वाकडीतिकडी असते, मध्येच फुटते, कुठं केसाएवढी बारीक होते, हे पंचवीस वर्षं दाढा उपटून मी पाहिलेलं नव्हतं. उपटणाऱ्याला आत काय आहे याच्याशी कर्तव्यच नसतं. त्याच दातांवर तू मला शिकवलंस. जिवंत शीर कशी काढायची, सुई किती आत घालायची, नळी कशी घासायची, धुवायची, औषधाचा बोळा ठेवून वर कच्चं सिमेंट कसं लावायचं आणि रोगी दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा आला की नळी कशी कायमची भरून टाकायची. पन्नाशीला टेकलेल्या माणसाला कुणी काही नवं शिकवायला जात नाही, भास्कर. सगळे गृहीत धरतात की याचं शिकून झालं. तू धरलं नाहीस. हे तुला कधी तोंडानं बोलून दाखवलं नाही मी. उलट शिकवताना तुझी टिंगलच केली.

भांडणं तर रोजचीच. तू म्हणायचास, दाढ वाचवायची. मी म्हणायचो, आधी माणूस बघ. तीन-तीन वेळा नगरला कोण येतो? त्यातून हा दुष्काळ. माणसं सकाळपासून खडी फोडायला जातात, रेशनच्या मिलोची, त्या परदेशी तांबड्या ज्वारीची, भाकरी खातात, त्या मिलोतल्या खड्यानं धडधाकट दाढा फुटतात. एक दिवस दवाखान्यात घालवला तर त्या दिवसाचं काम बुडतं. त्यापेक्षा उपटून टाक, मोकळा कर. यावर तुझं ठरलेलं उत्तर, "मोकळा कसला अण्णा? एक दाढ गेली की शेजारच्या कलंडतात. अजून तीस वर्षं भाकरी चावायचीय त्याला."

आणि लोक दुसऱ्यांदा येत नसत, हे तर खरंच होतं. शीर काढली की दुखायचं थांबतं. दुखायचं थांबलं की यायचं कशाला? मग तू तिसगावच्या बाजारात जाऊन त्यांना शोधायचास. एकदा मलाही ओढून नेलंस. भामाबाई आठवते ना? मिरच्यांच्या ढिगामागं बसलेली. तुला बघून तिनं पदर तोंडाला लावला.

"बाई, तुम्ही परत आला नाहीत," तू म्हणालास.

"दुखंना झालं की डाक्टर. बरा झाला की दात."

"दुखत नाही म्हणजे बरा झाला असं नसतं बाई. वर नुसतं कच्चं झाकण आहे. आत घाण राहिलीय."

"आता कामावरनं सुट्टी घावली की यीन. तुमी लई जीव लावता बगा दाताला."

सगळा बाजार हसला. तूही हसलास, पण परतीच्या एस.टी.त तोंड पाडून बसलास. मला तेव्हा बरं वाटलं होतं. वाटलं, आता तरी हे खूळ जाईल.

खूळ जायच्याऐवजी नवं आलं. मुंबईच्या कॉलेजातला तुझा मित्र तुला परदेशी मासिकं पाठवायचा, जुनी, कोपरे दुमडलेली. एक दिवस चारच्या चहाला त्यातलंच एक हातात धरून तू जवळजवळ पळत आलास.

"अण्णा, लेसर."

"कसलं सर?"

"लेसर. उजेडच असतो, पण सगळा एका रेषेत, सगळी ताकद एका जागी. अमेरिकेत काढलेल्या दातांवर करून बघताहेत. मुळाचं टोक त्या उजेडानं बंद करता येतं का म्हणून."

"येतं का?"

"नीट नाही अजून."

"मग एवढा घाम फुटेस्तोवर पळत काय आलास?"

"येईल की! आज टोक बंद करायला बघताहेत, उद्या त्याच उजेडानं आतले जंतू मारतील. सुई पोचत नाही तिथं उजेड पोचेल. एका बैठकीत दाढ बरी. भामाबाई सकाळच्या गाडीनं येणार आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. पुन्हा यायचं कामच नाही."

त्या दिवशी मी तुझी पिसं काढली. म्हणालो, इथं आपण दोघं अजून पायानं यंत्र मारून दात कोरतोय. वीज दिवसातून दहादा जाते. तुझं लेसरही पायानंच मारायचं का? तू म्हणालास, वीज येईल. मी म्हणालो, येऊ दे, पण उजेड जातो सरळ आणि मूळ असतं वाकडं. त्याचं काय?

तू गप्प झालास. आठ वर्षांत तू मला निरुत्तर झालेला दिसलास तो एवढाच प्रसंग, म्हणून तो माझ्या फार लक्षात राहिला. पण दुसऱ्या दिवशी मी दार उघडतोय तोवर तू पायरीवर हजर. "काचेची तार, अण्णा. बारीक काचेच्या तारेतून उजेड वळवता येतो. पोटात बघायला वापरतात, मी वाचलंय." मी म्हणालो, तुटली म्हणजे? मुळात काच अडकून बसेल. त्यावर तुझं पुन्हा काहीतरी, माझं पुन्हा काहीतरी. दीड वर्षं चालला हा वाद. उजेड वाकडा जातो की नाही ते ठरायचं राहिलं. एवढा चांगला वाद अर्ध्यावर टाकून उठणं तुला शोभलं नाही, भास्कर. आता मी चार वाजता कुणाशी भांडू?

आता त्या दिवसाकडे येतो. टाळून टाळून किती टाळू?

तू आलास आणि सरळ माझ्या खुर्चीत बसलास. म्हणालास, "खालची उजवी दाढ. आठ दिवस झाले. शीर काढावी लागेल."

मी म्हणालो, पुण्याला जा. तुझ्या दाढेला मी हात लावणार नाही.

"पुण्याला कशाला? तुम्ही आहात की. मीच शिकवलंय, मला माहीत नाही का तुमचा हात?"

मला भीती वाटली आणि अभिमानही वाटला. अभिमान जरा जास्तच वाटला. तोवर मी रोग्यांच्या सहा-सात दाढा केल्या होत्या, पण तू शेजारी उभा राहायचास, तुझ्या दवाखान्यातल्या जुन्या यंत्रावर एक्स-रे फोटो काढून बघायचास. त्या दिवशी वीज नव्हती. फोटो नाही, दिवा नाही. दुसऱ्या दिवशी करू म्हणालो असतो तर काय बिघडलं असतं? पण तू बसला होतास आणि मला दाखवायचं होतं.

मागच्या मुळातली नळी लगेच लागली. पुढच्या मुळातली एक लागली. पुढच्या मुळात दुसरी असते, हे तूच मला त्या चिरलेल्या दातांत वीस वेळा दाखवलं होतंस. ती लागेना. अर्धा तास मी सुईचं टोक फिरवत राहिलो. घामानं चष्मा घसरत होता. तू डोळे मिटून, हात पोटावर ठेवून शांत पडला होतास. इतर कुणी असता तर मी काय केलं असतं कोण जाणे. पण समोर तू होतास आणि 'मला जमलं नाही' हे शब्द तुझ्यासमोर माझ्या तोंडातून निघेनात. ज्यानं मला शिकवलं त्याच्याच दाढेत मी नापास झालो, हे त्यालाच सांगायचं? मी औषधाचा बोळा ठेवला, कच्चं सिमेंट लावलं आणि म्हणालो, "झालं. तिन्ही साफ झाल्या."

तू चूळ भरलीस. रुमालानं तोंड पुसलंस. मग माझ्याकडे जरा वेळ बघत राहिलास आणि म्हणालास, "छान. हात बसला तुमचा, अण्णा."

मी मनाशी ठरवलं की पुढच्या बुधवारी तू बसलास, वीज असली, की फोटो काढायचा आणि ती तिसरी गुपचूप शोधून टाकायची. कुणाला कळायचंही नाही.

तू बसलाच नाहीस. दुखणं त्याच संध्याकाळी थांबलं होतं. आठवडा गेला, दुसरा गेला. चहाला रोज येत होतास. मी म्हणायचो, "बस की रे एकदा." तू म्हणायचास, "बसू अण्णा, घाई काय आहे." जगाच्या मागं लागून त्याला परत बोलावणारा माणूस स्वतः मात्र चालढकल करतोय, याचं मला नवल वाटायला हवं होतं. मला सुटल्यासारखं वाटत होतं. एकदा तू बशीत चहा ओतता ओतता विचारलंस, "माझ्या दाढेची मुळं वाकडी होती का हो?"

"थोडी."

"त्रास पडला असेल तुम्हाला."

"छे रे," मी म्हणालो.

मग तू कर्जतकडे गेलास, दुष्काळी कामावरच्या माणसांचे दात तपासायला, चार दिवसांसाठी. जाताना माझ्या दारावरून हात केलास. तिसऱ्या दिवशी तुझी हनुवटी सुजली. बरोबरच्यांना म्हणालास, थोडं काम राहिलंय, उद्या जातोच आहे नगरला. गोळी घेतलीस. दुसऱ्या सकाळी तुला घोट गिळवेना तेव्हा त्यांनी कामावरचा ट्रक काढला.

मी इस्पितळात पोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. डॉक्टरांनी हनुवटीखाली चिरा घेऊन पू काढला होता, सुया दिल्या होत्या, जे करायचं ते सगळं केलं होतं. तुझा चेहरा मी ओळखला नाही, भास्कर. शर्ट ओळखला. तू माझं मनगट धरलंस. तुला काहीतरी बोलायचं होतं, घशातून नुसता आवाज येत होता, आणि मी आपला म्हणत होतो, "बोलू नकोस, पडून राहा, उद्या बोलू." उद्या! तीन वाजायच्या आत तुझा हात सैल पडला. मी तुझ्या हाताकडे बघतोय, तुझ्या तोंडाकडे बघतोय, आणि डॉक्टर मला बाजूला करताहेत, आणि माझ्या डोक्यात एकच वाक्य फिरतंय की अरे, ही तर नुसती दाढ होती.

तेव्हापासून आज अकरावा दिवस. मी जेवतो, झोपतो, दोन दाढाही उपटल्या मधे. पण मधूनच हात थांबतो आणि तेच वाक्य पुन्हा येतं. नुसती दाढ होती.

तुझ्या बायकोनं, कुसुमताईंनी, तुझ्या दवाखान्याची किल्ली दिली, औषधं वाया जातील ती तुम्ही न्या म्हणाल्या, म्हणून काल मी तिथं गेलो. कपाट उघडतोय तोच मागं कुणीतरी खाकरलं. वळून बघतो तर भामाबाई. धुवट लुगडं, हातात पिशवी.

"डाक्टर कुठंयत?" तिनं विचारलं.

तिला माहीत नव्हतं. मी सांगितलं. ती उंबऱ्यावरच खाली बसली. मग म्हणाली, "मला आज या म्हनले हुते. मागं येकदा न्हाई आले म्हनून बाजारात हुडकीत आले हुते. या टायमाला मी आले की वं."

मी तिला उठवून खुर्चीत बसवलं. म्हटलं, दाढ मी बघतो. खुर्ची ओढून खिडकीशी घेतली, चांगलं ऊन येत होतं. कच्चं सिमेंट काढायला सुई उचलली तेवढ्यात ती म्हणाली, "एकच ऱ्हायलीया बरं का. डाक्टर म्हनले, बाई, दोन झाल्या, तिसरी मला घावली न्हाई. तुमाला परत यावं लागंल, माफ करा म्हनले."

"माफ करा म्हणाला?"

"व्हय. आवो, मी कोन? खडी फोडनारी बाई. मला माफ करा म्हनले. मलाच लाज वाटली."

सुई माझ्या हातात तशीच राहिली. तू मुंबईचा पदवीधर, मिरच्या विकणाऱ्या बाईला सरळ सांगून मोकळा झालास की मला सापडली नाही. सांगताना तुझं काही गेलं नाही. तिनं तुला कमी लेखलं नाही, उलट वेळेवर परत आली. तू रोग्यांना असं सांगायचास हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. मी ते ऐकून नाक मुरडायचो. म्हणायचो, पदवीवाल्याला परवडतं. आम्ही म्हटलं तर लोक म्हणतील, म्हाताऱ्याला येत नाही.

तिची तिसरी नळी मला पाऊण तासानं लागली. पुढच्याच मुळात, जरा जिभेच्या बाजूला, वर दाताचाच एक पापुद्रा आला होता. तो खरवडला आणि सुईचं टोक अलगद आत गेलं. आत गेल्याचं बोटांना कळतं, तूच म्हणायचास. मी तसाच खिडकीत उभा राहून रडलो. भामाबाई तोंड उघडं ठेवून माझ्याकडे बघत राहिली. पाऊण तास आणि खिडकीतलं ऊन, एवढ्यावर भागत होतं. माझ्याही दवाखान्याला खिडकी आहे.

तिला पुढची तारीख देऊन लावून दिलं आणि संध्याकाळी तसाच तुझ्या घरी गेलो. आणखी एक दिवस हे पोटात ठेवलं असतं तर मला वेड लागलं असतं. कुसुमताई ओसरीवर शाळेतल्या मुलांच्या वह्या तपासत बसल्या होत्या. मला बघून उठू लागल्या. मी म्हणालो, बसा, मला एक सांगायचंय. आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. वीज नव्हती ते, दोनच सापडल्या ते, खोटं बोललो ते, तीन आठवडे गप्प राहिलो ते. वाटलं होतं, त्या रडतील, मला चालते व्हा म्हणतील. त्याची मी तयारी करून गेलो होतो.

त्यांनी लाल पेन्सिल खाली ठेवली.

"मला माहीत आहे, अण्णा," त्या म्हणाल्या.

"काय माहीत आहे?"

"दोनच सापडल्या ते. ह्यांनी त्याच दिवशी सांगितलं, घरी आल्या आल्या. खुर्चीत पडून मोजत होते. कुठं सुई गेली, कुठं नाही गेली. म्हणाले, अण्णांना एक लागली नाही."

मी पायरीवर बसलो. "मग तो मला बोलला का नाही?"

"मीही तेच विचारलं. म्हणाले, मोठ्या माणसाला तोंडावर कसं म्हणायचं, तुम्ही खोटं बोलताय? अण्णा आपण होऊन सांगतील. सांगितलं की लगेच बसतो. मधेच जाऊन बसलो तर त्यांना वाटेल मी त्यांची चूक धरायला आलो." त्यांनी समोरची वही मिटली. "रोज चहा पिऊन आले की मी विचारायची, सांगितलं का? तर म्हणायचे, आज नाही. उद्या सांगतील. कर्जतला जायच्या दिवशीसुद्धा तुमच्याकडे येऊन गेले ना?"

"दारावरून हात केला."

"हं," त्या म्हणाल्या.

मला तुझा राग आला, भास्कर. अजूनही आहे. कसली ही रीत! मी वयानं मोठा, म्हणून माझी अब्रू राखायला तू आपला गळा सुजवून घेतलास? एकदा बोलायचं होतंस. 'अण्णा, थापा मारू नका, तिसरी शोधा' एवढं म्हणायचं होतंस. लेसरवरून तर माझ्या डोक्यावर बसून भांडायचास, मग इथंच कुठला मान मध्ये आणलास? रोज समोरासमोर बसून आपण चहा प्यालो. तुला ठाऊक, मला ठाऊक, आणि मधे बिस्किटं. तू वाट बघत होतास आणि मी बरं झालं म्हणत होतो. मला शिव्या द्यायच्या होत्यास रे.

हे मी तुला मनात म्हणत होतो. कुसुमताईंनी वह्या एकावर एक रचल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. मग त्यांनी मला विचारलं, अगदी साध्या आवाजात, जसं एखादं न कळलेलं गणित विचारावं तसं.

"अण्णा, नळी सापडली नाही तर तुम्ही लोक काय करता?"

"रोग्याला सांगतो," मी म्हणालो. "आणि परत बोलावतो."

"एवढंच?"

"एवढंच."